सुटे भाग जमवून जोडलेलं घड्याळ पुन्हा पुन्हा थांबतं: दोष शोधण्याची रीत

लक्षण असं. निरनिराळ्या ठिकाणचे भाग जमवून जुन्या धाटणीचं हातघड्याळ जोडलं. टेबलावर झकास चालतं. केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) बंद करून मनगटावर बांधलं की काही तासांत थांबतं. जरा हलवलं की पुन्हा सुरू होतं आणि मागचं झाकण उघडून बघावं तर अगदी ठणठणीत. बहुतेक जण इथे मशीनला, म्हणजे आतल्या यंत्रणेला, दोष देतात, नवं मशीन आणतात, आणि आठवड्याभरात तेच घड्याळ पुन्हा थांबतं.

अशा जोडणीत मशीन बिघडलेलं असणं हे कारण यादीत बरंच खाली येतं. खरा घोटाळा डायल, काटे, काच, केस आणि स्टेम (क्राऊनपासून मशीनमध्ये जाणारी दांडी) यांच्या उंचीच्या बेरजेत असतो. तयार घड्याळात ही बेरीज कारखान्यात आधीच जमवलेली असते. सुटे भाग घेतले की ती आपण करायची, तीही मिलिमीटरच्या दहाव्या भागात.

पुण्यात हौशी मंडळींकडे साधारण तीन तऱ्हेच्या जोडण्या दिसतात. मंगळवार पेठेतल्या रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात मिळालेलं एचएमटीचं चावीचं मशीन, त्यावर पुन्हा छापलेली डायल आणि नवी स्टीलची केस. दुसरी, सेइकोचं एनएच३५ ऑटोमॅटिक मशीन ३६ ते ३८ मिमीच्या केसमध्ये, वर घुमटाची काच. तिसरी, युनिटास ६४९७ किंवा त्याच घडणीचं सीगलचं मशीन मोठ्या पायलट केसमध्ये. खालची तपासणी तिन्हींना लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

थांबलेली वेळ वाचा

घड्याळ थांबलं की हलवू नका, क्राऊन (चावी द्यायची बाजूची गुंडी) ओढू नका. आधी मोबाईलने समोरून सरळ फोटो काढा, मग बाजूने, काचेच्या पातळीत. घड्याळ कुठल्या स्थितीत पडलं होतं तेही लिहा: डायल वर, डायल खाली की क्राऊन खाली. असे तीन-चार थांबे जमले की निम्मं निदान झालेलं असतं.

तास आणि मिनिट काटा दर ६५ मिनिटं २७ सेकंदांनी एकमेकांवर येतात, म्हणजे १२ तासांत ११ वेळा. या वेळा ठरलेल्या आहेत: १२:००, १:०५, २:११, ३:१६, ४:२२, ५:२७, ६:३३, ७:३८, ८:४४, ९:४९, १०:५५. तुमचे थांबे या वेळांच्या आसपास किंवा मिनिटभर आधी पडत असतील, तर मिनिट काट्याचं पोट तास काट्याच्या पाठीला लागतंय. आणखी काही उघडून बघायची गरज नाही.

मिनिट काटा दर वेळी एकाच खुणेवर अडकतो आणि तास मात्र कुठलाही असतो, तेव्हा त्या खुणेचा उठावाचा आकडा किंवा मिनिट काट्याचं वाकलेलं टोक तपासा. बारा तासांतून एकदा, ठरावीक तासाला थांबत असेल तर तास काटा डायलला घासतोय, आणि याचा अर्थ बहुधा डायल तिरकी बसली आहे. सेकंद काटा दर वेळी मिनिट काट्याच्या बरोबर वर सापडला तर त्या दोघांतली जागा कमी आहे.

६४९७ मध्ये छोटा सेकंद काटा ९ वर असतो, ६४९८ मध्ये ६ वर. ६४९७ची जोडणी साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान थांबत असेल, तर छोट्या सेकंद काट्याची नळी उंच राहिली आहे आणि वरून जाणारा तास काटा तिला अडकतो. नळी पूर्ण खाली दाबली गेलेली नसते इतकंच. ही चूक फार होते, कारण हा काटा जोरात दाबायची सगळ्यांना भीती वाटते.

एनएच३५ रात्री दहा ते एकच्या मध्ये थांबत असेल तर तारीख बदलण्याचा भार मशीनला झेपत नाही. तारखेच्या खिडकीशिवायची डायल लावली असली तरी खाली तारखेची चकती फिरतच असते, हे लक्षात घ्या. डायलखालचं प्लॅस्टिकचं कडं काढून टाकलेलं असेल किंवा डायल मधोमध दबलेली असेल तर ती चकतीवर टेकते. कडं परत बसवा. मुळातच तारीख नको असेल तर एनएच३८ घ्या, त्यात ती यंत्रणाच नाही.

थांब्यांच्या वेळांत काहीच सूत्र नसेल तर मात्र रोटर (मनगटाच्या हालचालीने फिरून चावी देणारं वजन), स्टेम, चावी आणि मशीनमधला मळ याकडे वळायचं. ते पुढे येतं.

सेकंद काटा चालू आहे पण तास-मिनिट मागे पडतात, हा आजार वेगळा. इथे मशीन चालू असतं, कॅनन पिनियन (मिनिट काटा ज्या नळीवर बसतो ती) घसरत असतं. जुन्या एचएमटीत ते सैल झालेलं असू शकतं, पण काटा कुठेतरी अडकत असला तरीही पिनियन आधी घसरतं आणि घड्याळ थांबण्याऐवजी रोज दहा-पंधरा मिनिटं मागे राहतं. म्हणून पिनियन आवळण्याआधी काट्यांची जागा तपासा. जास्त आवळलं तर वेळ लावताना काटे इतके जड फिरतात की दाते तुटायची पाळी येते.

पाच टप्प्यांचं मोजमाप

टाइमग्राफर (टिकटिक ऐकून मशीनची चाल मोजणारं यंत्र) असेल तर अंदाज बांधत बसू नका. पूर्ण चावी द्या, लिफ्ट अँगल, म्हणजे त्या मशीनचा ठरलेला कोन, बरोबर भरा (एनएच३५ला ५३ अंश, ६४९७ला ४४, जपानच्या मियोटा ८२१५ला ४९) आणि डायल वर ठेवून अॅम्प्लिट्यूड (बॅलन्सचं चाक किती अंश झोका घेतं ते) पाच वेळा नोंदवा: नुसतं मशीन, डायल लावल्यावर, काटे लावल्यावर, केसमध्ये स्टेमसकट, आणि शेवटी झाकण बंद करून. प्रत्येक टप्प्याला मिनिटभर स्थिर होऊ द्या.

नुसतं मशीन पूर्ण चावीत २५० ते ३०० अंश दाखवत असेल तर ते निर्दोष धरा. पुढच्या टप्प्यांत पाच-दहा अंशांचा फरक सोडून द्या. ज्या टप्प्याला २० अंशांपेक्षा जास्त पडझड होते, दोष त्याच टप्प्यावर घातलेल्या भागात आहे. काट्यांचं मोजमाप १०:१० वर घेऊन उपयोग नाही. काटे एकमेकांवर आणून, म्हणजे १२:०० किंवा ६:३३ ला, घ्या. घासण्याचा क्षण तोच असतो.

डायल लावल्याबरोबर अॅम्प्लिट्यूड पडलं तर अवर व्हील (तास काटा ज्यावर बसतो ते चक्र) बघा. चिमट्याने त्याची नळी हलकेच वर उचलून पाहा: किंचित, केसभर, वरखाली व्हायला हवी. अजिबात हलत नसेल तर डायल तिला दाबते आहे. डायल आणि अवर व्हीलच्या मध्ये दोन वॉशर (पातळ चकत्या) पडले आहेत, किंवा डायलच्या मधल्या भोकाला आतून बर (धातूची उठलेली धारदार कड) राहिली आहे. पुन्हा छापलेल्या डायलमध्ये भोकाच्या कडेला रंगाचा जाड थर साचतो. दहापट भिंगातून पाहिलं की अवर व्हीलच्या पितळी नळीवर रंगाची काळी रेघ स्पष्ट दिसते. सरळ रीमर (भोक साफ करायचं हत्यार) हाताने दोन-तीन वेळा फिरवून कड साफ करा, मशीनवर नव्हे, डायल वेगळी काढून. उलट वॉशर अजिबातच नसेल तर अवर व्हील वर उचललं जाऊन दातांतून सुटतं आणि तास काटा उड्या मारतो.

उंचीचा हिशोब

हा भाग मन लावून करा, कारण पुन्हा पुन्हा उलटणारी जोडणी बहुतेक वेळा इथेच फसलेली असते.

डायलच्या वरच्या पृष्ठभागापासून वर चढत जा. तास काट्याखाली ०.२५ मिमी जागा, काट्याची जाडी ०.१५. मग ०.३० जागा, मिनिट काटा ०.१५. पुन्हा ०.३० जागा, सेकंद काटा ०.१०, आणि त्याच्या नळीचं वर आलेलं बोंड साधारण ०.२०. बेरीज १.४५ मिमी. त्यावर काचेपर्यंत निदान ०.५० मोकळे हवेत. म्हणजे केसच्या आतल्या कड्याच्या खालच्या कडेपासून, जिथे डायल येऊन टेकते तिथपासून, काचेच्या आतल्या मध्यापर्यंत १.९५ मिमी लागतात. हे आकडे नेहमीच्या काट्यांचे. तुमचे काटे व्हर्नियरने स्वतः मोजा, प्रत्येक माप तीनदा घ्या आणि मधलं धरा.

केसची खोली मोजायला काच बसवलेली केस उलटी धरा, व्हर्नियरच्या शेपटीची दांडी काचेच्या मधोमध टेकवा आणि कड्यापर्यंतचं माप घ्या. समजा २.१० आलं, तर ०.६५ शिल्लक, जोडणी चालेल. १.८० आलं तर ०.३५ शिल्लक. असं घड्याळ टेबलावर चालेल, पण झाकण दाबून बसवल्यावर किंवा अॅक्रिलिक काचेवर बोट दाबलं गेल्यावर थांबेल.

घुमटाची काच घेताना एक गोष्ट विचारूनच घ्या: आतूनही गोल आहे का? बाहेरून घुमट आणि आतून सपाट अशी काच दिसायला जुन्या घड्याळासारखी असते, पण मधल्या बोंडाला ती एक कणभरही जास्त जागा देत नाही. आतून-बाहेरून गोल असलेली काच किंवा पातळ अॅक्रिलिक घेतलं की नेमकी मध्यावर जागा मिळते.

डायलचे पाय (मागच्या बारीक खुंट्या) मशीनला जुळत नाहीत म्हणून ते कापून दुहेरी चिकटपट्टीच्या टिकल्या लावण्याची पद्धत आहे. त्याला विरोध नाही, पण टिकली डायलला वर उचलते. काटे मात्र मशीनच्या नळीवर बसतात, म्हणजे त्यांची उंची तीच राहते आणि डायल त्यांच्याकडे सरकते. टिकली ०.२० ची असेल तर तास काट्याखालची ०.२५ जागा ०.०५ वर येते. नेहमीची डायल ०.४ मिमी जाडीची. मिन्याची किंवा नक्षीकामाची जाड डायल घेतली की हेच होतं. उपाय दोन: सर्वात पातळ टिकल्या वापरा आणि त्या अगदी कडेला लावा, किंवा मशीनच तसं निवडा. ईटीए २८२४ या स्विस मशीनमध्ये कॅनन पिनियन वेगवेगळ्या उंचीचं मिळतं, जाड डायलसाठी ते बदलता येतं. एनएच३५ मध्ये ही सोय गृहीत धरू नका. तिथे डायलच पातळ हवी.

जागा तपासायला ८० जीएसएमच्या साध्या छपाईच्या कागदाची बारीक पट्टी पुरते, तिची जाडी साधारण ०.१ मिमी. तास काट्याखालून दुमडलेली, म्हणजे दोन पदरी, पट्टी कुठेही न अडता फिरली पाहिजे. दोन काट्यांमधून तीन पदरी.

जुन्या रंगाचा ल्यूम (अंधारात चमकणारा रंग) हाताने भरलेल्या काट्यांकडे विशेष लक्ष द्या. काटा उलटा करून भिंगाखाली धरा. वरून सपाट दिसणारा ल्यूम पोटाकडून थेंबासारखा लोंबलेला असतो, ०.१ ते ०.२ मिमी. काट्यांमधली निम्मी जागा तोच खातो. वाळलेला थेंब नव्या ब्लेडने आडवा तासून काढा, काटा काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवून. ल्यूमची पूड श्वासात जाऊ देऊ नका. घड्याळ जुन्या बाजारातलं आणि खरोखर जुनं असेल तर त्याच्या मूळ काट्यांवरचा ल्यूम तासूच नका. जुन्या चमकत्या रंगात रेडियम असू शकतं.

काट्यांची भोकं

एनएच३५ला काट्यांच्या भोकांची मापं तास, मिनिट, सेकंद या क्रमाने १.५०, ०.९० आणि ०.२० मिमी. ईटीए २८२४ला १.५०, ०.९०, ०.२५. मियोटा ८२१५ला १.५०, १.००, ०.१७. यातला सापळा दिसतोय ना? २८२४चा संच एनएच३५वर तास-मिनिटाला छान बसतो आणि सेकंद काटा सैल राहतो. दोन दिवसांनी तो मिनिट काट्यावर पडलेला सापडतो. एनएच३५चा मिनिट काटा मियोटावर जोराने दाबला तर त्याची नळी फुटते. फुटलेली नळी वरून दिसत नाही, काटा तिरका बसतो, आणि तिरका काटा अर्ध्या फेरीत मोकळा आणि अर्ध्या फेरीत घासणारा असतो.

भोक लहान असेल तर खालच्या बाजूने ब्रोच (भोक मोठं करायचं निमुळतं हत्यार) फिरवून थोडं थोडं मोठं करा, प्रत्येक वेळी बसवून पाहा. मोठं असेल तर नळी चिमटवून बारीक करता येते, पण ते काम सवयीच्या हाताचं आहे. एचएमटीसाठी छापील यादीवर विसंबू नका. जुन्या बाजारातल्या मशीनवर आधीच कोणी दुसऱ्याच मशीनचे भाग चढवलेले असतात. नळी प्रत्यक्ष मोजा, मगच काटे घ्या.

स्टेम

स्टेम आखूड कापली गेली तर क्राऊन आधी केसला टेकतो आणि स्टेम आत पूर्ण बसत नाही. एनएच३५ सारख्या, सेकंद काटा थांबवून वेळ लावण्याची सोय असलेल्या मशीनमध्ये मग बॅलन्सला रोखणारी पट्टी अर्धवट पुढे राहते. घड्याळ कधीही थांबतं, क्राऊनला धक्का लागला की चालू होतं. क्राऊन अर्धा मिलिमीटर बाहेर ओढून पाहा. घड्याळाचं वागणं बदललं तर दोष हाच. याला नवीन स्टेम हा सरळ उपाय.

लांब राहिलेली स्टेम आतल्या यंत्रणेवर सतत दाब देते, स्क्रूच्या क्राऊनमध्ये तर जास्तच. म्हणून कापताना एका वेळी ०.२ मिमीपेक्षा जास्त घेऊ नका, टोक बारीक पॉलिश पेपरवर सपाट करा, आणि पूर्ण समाधान झाल्यावरच कमी ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे घट्ट धरणाऱ्या गोंदाचा) टाचणीभर थेंब लावून क्राऊन पक्का करा.

स्टेमची उंचीही जुळली पाहिजे. स्टेम काढा, केसच्या नळीतून उजेडात आत बघा: मशीनचं स्टेमचं भोक नळीच्या बरोबर मधोमध दिसायला हवं. वरखाली दिसलं तर मशीन धरणारं कडं चुकीच्या उंचीचं आहे. पितळी शिमपट्टीचे (उंची जुळवायच्या पातळ पत्र्याचे) ०.१ मिमीचे तुकडे कड्याखाली घालून जुळवा. पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत शिमपट्टीची चौकशी करा. मशीन बोटाने दाबून स्टेम घुसवली तर ते केसमध्ये तिरकं राहतं, आणि वरचा सगळा हिशोब एका बाजूला कोलमडतो.

मागची बाजू

एनएच३५ची जाडी ५.३२ मिमी, २८२४ची ४.६०. म्हणजे २८२४साठी केलेल्या केसमध्ये एनएच३५ घातलं की ०.७२ मिमी कमी पडतात आणि रोटर झाकणाला घासतो. झाकणाच्या आत परमनंट मार्करने मध्यापासून कडेपर्यंत चार रेघा ओढा, दिवसभर घाला, उघडा. रेघा पुसलेल्या असतील तर झाकण खोल हवं किंवा केस बदलायला हवी. रोटरचा मधला स्क्रू सैल असला तरी हेच दिसतं, म्हणून आधी तो तपासा. दाबून बसणारं झाकण प्रेसने बसवताना काचेच्या घुमटावर टेकणारी डाय (प्रेसमधला दाबायचा साचा) वापरू नका. कडेला धरणारी डाय घ्या, नाहीतर अॅक्रिलिक दबून सेकंद काटा वाकवतं.

वेळेला काही सूत्र नसेल तर

एचएमटीची मनगटी घड्याळं बंगळुरूला १९६१ पासून, जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बनू लागली आणि एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. म्हणजे हाती येणारं एचएमटी मशीन बहुधा जुनंच असणार, आणि त्यातलं तेल घट्ट झालेलं असणार. ते डायल चढवण्याआधी पूर्ण खोलून, धुऊन, तेल देऊन घ्या आणि डायल-काट्यांशिवाय २४ तास चालवून पाहा. न धुतलेल्या मशीनवर डायल बसवली तर मागचे सगळे टप्पे निरर्थक होतात, कारण आधारालाच भरवसा नसतो. मशीन धुतलेलं आहे असं विकणारा सांगत असेल, तरीही ही चाचणी करा.

काम करताना पंखा बंद ठेवा. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर घरात येणारी बारीक धूळ आणि सुती कपड्याचा एखादा तंतू छोट्या सेकंद काट्याखाली गेला तर घड्याळ अगदी विनाकारण थांबल्यासारखं वाटतं. हवेचा फुगा मारून रोडिकोने (धूळ टिपणाऱ्या चिकट लुकणाने) डायल टिपून घ्या, मगच काच लावा. घड्याळ थांबत नाही पण एकदम काही मिनिटं पुढे पळायला लागलं असेल तर ते चुंबकत्व आहे. डीमॅग्नेटायझरवरून फिरवा, उघडू नका.

दुरुस्तीनंतरची चाचणी मनगटावर घेऊ नका. पूर्ण चावी देऊन डायल वर, डायल खाली, क्राऊन वर, क्राऊन खाली, असं प्रत्येक स्थितीत १२ तास ठेवा, म्हणजे प्रत्येक स्थितीत काटे अकराही वेळा एकमेकांवरून जातील. चावीच्या मशीनला रोज ठरावीक वेळी चावी द्या. एनएच३५लाही हाताने चावी देता येते, आणि चाचणीत ती द्याच. अर्धवट भरलेल्या स्प्रिंगवर चाचणी घेतली तर मशीनचा अशक्तपणा काट्यांच्या माथी मारला जातो. या चारही स्थितींत न थांबता चाललं की पट्टा लावा.